हिरड्यांतील रक्त, जंतूंची टोळी आणि एका संशोधकाची पन्नास वर्षे

बार्शीटाकळी काय किंवा आसपासचे कोणतेही बाजाराचे गाव काय, दाढदुखीवर 'कीड काढून देणारा' माणूस पूर्वी हमखास बसलेला असे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी रुग्णाच्या तोंडात द्यायची आणि नंतर पाण्यात पडलेले पांढरे बारीक धागे दाखवून 'ही पाहा तुमच्या दातातली कीड' असे सांगायचे, ही त्याची रीत. ते धागे बियांचेच अंश असतात, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नसे. दोन-चार दिवस बरे वाटे, पुन्हा दाढ ठणकू लागे.

दाताला कीड लागते म्हणजे नेमके काय लागते? दात पोखरणारी कीड वेगळी आणि न पोखरता धडधाकट दात हलवून पाडणारा आजार वेगळा. आजचा लेख या दुसऱ्या आजाराविषयी आहे. त्याला हिरड्यांचा विकार म्हणतात, बोलीत पायोरिया. चाळिशी-पन्नाशीत एकामागून एक दात हलायला लागले की आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो. परंतु निरोगी हिरडीतला दात केवळ वयामुळे पडत नाही. तो पडतो जंतूंच्या कामगिरीमुळे आणि आपल्या दुर्लक्षामुळे. हे जंतू नेमके कोणते, हे शोधण्यात एका दंतवैद्याने आपले सारे आयुष्य घालवले. त्यांचे नाव सिगमंड सॉक्रान्स्की. त्यांच्या कामाची ओळख करून घेतली तर आपल्या तोंडात काय चालते ते समजते आणि उपायही आपोआप कळतो.

दात कशाने उभा असतो?

दात हा जबड्याच्या हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये असंख्य बारीक तंतू असतात. त्या तंतूंनी दात हाडाला बांधून ठेवलेला असतो आणि वरून हिरडी गळपट्टीसारखी घट्ट बसलेली असते. हिरडी व दात यांच्यामध्ये एक उथळ खाच असते. निरोगी माणसात तिची खोली साधारणपणे तीन मिलिमीटरच्या आत असते.

दात घासले नाहीत तर या खाचेच्या तोंडाशी पांढरट-पिवळसर, चिकट थर बसतो. नखाने खरवडला तर तो निघतो. हा अन्नाचा थर नव्हे. तो जवळजवळ सगळा जिवंत जंतूंचा असतो. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. तो साचून राहिला की लाळेतील क्षारांमुळे दगडासारखा घट्ट होतो, त्याला आपण किटण म्हणतो. जंतूंचा त्रास सुरू झाला की हिरडी सुजते, लाल होते आणि घासताना रक्त येते. सूज टिकून राहिली तर तंतू तुटतात, हाड झिजते आणि उथळ खाचेचा खोल खिसा बनतो. खिसा खोल झाला की ब्रश तेथे पोहोचत नाही आणि जंतूंना मोकळे रान मिळते. हे सर्व बहुधा न दुखता होते, आणि हाच या आजाराचा मोठा धोका आहे.

जंतू दिसले, पण गुन्हेगार कोण?

तोंडातील जंतू माणसाने पहिल्यांदा पाहिले ते तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी. हॉलंडमधील लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली आपल्याच दातांवरचा थर ठेवला. त्यात त्याला वळवळणारे लहान जीव दिसले. १६८३ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८९० मध्ये, बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी मानवी मुखातील सूक्ष्मजंतूंवर ग्रंथ लिहिला. साखर-पिष्टापासून जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात किडतो, हे त्यांनी मांडले.

हिरड्यांच्या बाबतीत निर्णायक प्रयोग १९६५ साली डेन्मार्कमध्ये झाला. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांच्या आत सर्व बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. थर साचला की सूज, थर काढला की आराम, इतका सरळ हिशेब निघाला.

तरीही एक मोठे कोडे शिल्लक होते. थर तर सगळ्यांच्याच दातांवर थोडाफार असतो. मग एकाची हिरडी नुसती सुजून थांबते आणि दुसऱ्याचे हाड झिजून दात पडतो, असे का? एकाच तोंडात एक दात हलतो आणि शेजारचा घट्ट राहतो, हे कसे? थरातले सगळेच जंतू वाईट की त्यांतले काही मोजकेच? सॉक्रान्स्की यांनी हाच प्रश्न हाती घेतला.

दवाखान्यातून प्रयोगशाळेत

सॉक्रान्स्की यांचा जन्म १९३४ साली कॅनडातील टोरांटो येथे झाला. १९५७ मध्ये त्यांनी तेथील विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली. पुढे बोस्टनला हार्वर्ड विद्यापीठात हिरड्यांच्या विकारांचे उच्च शिक्षण घेऊन ते त्याच शहरातील फोर्सिथ संस्थेत संशोधनाला लागले. ही संस्था १९१० साली लहान मुलांच्या दातांवर उपचार करणारे धर्मादाय रुग्णालय म्हणून स्थापन झाली होती. तिचेच पुढे मुखविकारांच्या संशोधनाचे मोठे केंद्र झाले. २०११ साली निधन होईपर्यंत सॉक्रान्स्की यांचे नाव या संस्थेशी जोडलेले राहिले.

सुरुवातीचे काम अत्यंत किचकट होते. हिरडीच्या खाचेतून जंतूंचा नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत त्यांची वाढ करायची आणि मग एकेक ओळखायचा. पण खोल खिशात राहणारे जंतू हवा लागली की मरतात. त्यांना प्राणवायू चालत नाही. काही इतके हळू वाढतात की आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. काही तर बशीत वाढतच नाहीत. १९६३ साली सॉक्रान्स्की, गिबन्स आणि सहकाऱ्यांनी हिरडीच्या खाचेतील जंतूंची सूक्ष्मदर्शकातील मोजदाद आणि बशीतील वाढ यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे आणि बशीत उगवणारे यांत मोठी तफावत होती. बाजारात हजार माणसे दिसावीत आणि त्यांतील निम्म्यांचीच नावे नोंदवहीत यावीत, तसा हा प्रकार होता.

दुसरी अडचण विचारांची होती. रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून एक आजार, एक जंतू असा नियम वैद्यकात रूढ होता. क्षयाचा जंतू वेगळा, पटकीचा वेगळा. हिरडीच्या खिशात मात्र शेकडो प्रकारचे जंतू एकत्र नांदतात आणि तेच जंतू थोड्या प्रमाणात निरोगी माणसातही सापडतात. मग दोषी कोणाला ठरवायचे? १९७९ साली सॉक्रान्स्की यांनी त्यासाठी काही कसोट्या मांडल्या. आजाराच्या जागी तो जंतू जास्त संख्येने आढळतो का? तो हटवल्यावर आजार थांबतो का? शरीराचे संरक्षक दल त्याच्याविरुद्ध उठते का? ऊती नष्ट करण्याची साधने त्याच्याजवळ आहेत का? प्राण्यांवरील प्रयोगांत तो आजार निर्माण करतो का? एकाच पुराव्यावर शिक्षा न देता पाच बाजूंनी साक्ष तपासायची, असा हा न्याय होता.

डीएनएचा चौकटपट

या कसोट्या लावायच्या तर हजारो नमुने तपासणे आवश्यक होते आणि जुन्या पद्धतीने ते अशक्य होते. येथे रेणवीय जीवशास्त्र मदतीला आले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. तो दोन धाग्यांच्या गोफासारखा असतो. गोफ उकलला तर त्यातला प्रत्येक धागा फक्त आपल्या जोडीदारालाच चिकटतो, परक्याला नाही. तेव्हा ओळखीच्या जंतूचा एक धागा खूण लावून तयार ठेवला आणि तो नमुन्यावर सोडला, तर जेथे जोडीदार असेल तेथेच तो चिकटेल. खूण दिसली म्हणजे जंतू हजर. त्यासाठी जंतू जिवंत असण्याची किंवा बशीत वाढण्याची गरज नाही.

१९९४ साली सॉक्रान्स्की यांच्या गटाने यातून एक साधी पण कल्पक युक्ती प्रसिद्ध केली. एका पातळ पडद्यावर ४३ नमुन्यांचा डीएनए ४३ समांतर रेघांत बसवायचा. मग पडदा काटकोनात फिरवून त्यावर ४३ ओळखीच्या जंतूंचे खूण केलेले धागे आडव्या रेघांत सोडायचे. विणकराच्या मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना छेदतात, तशा या रेघा छेदतात. जेथे जोडी जुळेल त्या छेदावर ठिपका उमटतो. ठिपका जितका गडद, तितके जंतू जास्त. एका पडद्यावर अठराशेहून अधिक तपासण्या एकदम झाल्या. बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो म्हणून या पद्धतीला चौकटपटाचेच नाव मिळाले.

१९९८ : टोळ्यांचा छडा

या पद्धतीने सॉक्रान्स्की व सहकाऱ्यांनी १८५ प्रौढ व्यक्तींच्या दातांजवळून १३,२६१ नमुने तपासले आणि प्रत्येकात ४० प्रकारचे जंतू शोधले. १९९८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो असा की, हिरडीखालचे जंतू कसेही विखुरलेले नसतात. ते टोळ्या करून राहतात. ठरावीक जंतू ठरावीक सोबत्यांबरोबरच सापडतात. या टोळ्यांना त्यांनी रंगांची नावे दिली. पिवळी, हिरवी, जांभळी या आधी वसणाऱ्या आणि तुलनेने निरुपद्रवी टोळ्या. त्यांच्यानंतर केशरी. आणि केशरी टोळीने जम बसवल्यावर तिच्या सोबतीने दिसणारी लाल टोळी.

लाल टोळीत तीन जंतू आहेत : पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला आणि टॅनरेला फोर्सिथिया. तिसऱ्याचे आजचे नाव फोर्सिथमधील संशोधिका अ‍ॅन टॅनर आणि फोर्सिथ संस्था यांच्यावरून पडले आहे. जेथे खिसा खोल आणि स्पर्श होताच रक्त, तेथे हे तिघे अधिक प्रमाणात आढळले.

आपल्या शेतकरी वाचकांना ही गोष्ट सहज पटेल. पेरणीनंतर डवरणी-निंदण केले नाही तर वावरात आधी किरकोळ गवत येते. ते तसेच राहू दिले की हराळी पसरते आणि शेवटी कुंदा मूळ धरतो. कुंदा एकदा खोल गेला की वरवरच्या खुरपणीने निघत नाही. दातांवरचा रोजचा थर म्हणजे किरकोळ गवत. ते रोज काढले तर लाल टोळीला बूड टेकायला जागाच मिळत नाही.

एक खुलासा आवश्यक आहे. हे जंतू हिरडीतले सगळे नुकसान स्वतःच करतात असे नाही. पॉर्फिरोमोनास जंतू ऊती विरघळवणारी द्रव्ये सोडतो हे खरे. परंतु हाड झिजते ते मुख्यतः आपल्याच शरीराच्या लांबत गेलेल्या प्रतिकारामुळे, म्हणजे सुजेमुळे. २०११ साली उंदरांवरील प्रयोगात आढळले की, हा जंतू अगदी थोड्या संख्येने असला तरी इतर साध्या जंतूंचे संतुलन बिघडवतो आणि मग हाडाची झीज सुरू होते. तोंडात दुसरे जंतूच नसलेल्या उंदरांत मात्र तो एकटा हाड झिजवू शकला नाही. दोष टोळीचा असतो, हे सॉक्रान्स्की यांचे म्हणणे नव्या पुराव्याने अधिक स्पष्ट झाले. म्हणूनच औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून हा आजार जात नाही. थर आणि किटण जागेवर असेपर्यंत टोळी पुन्हा जमते.

उलट १९९७ मध्ये याच गटाने दाखवले की, खिशातील किटण आणि थर हत्याराने नीट काढून मुळे साफ केली तर लाल टोळीचे तिन्ही जंतू घटतात आणि हिरडीही सुधारते. निदान कितीही आधुनिक असले तरी उपचाराचा पाया सफाईच आहे.

आपल्याकडे हे काम

रेणवीय पद्धती आता आपल्या भागातही पोहोचल्या आहेत. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि तेथीलच नीरी ही राष्ट्रीय संस्था यांतील संशोधकांनी हिरडीच्या रुग्णांमध्ये लाल टोळीतील दोन जंतूंचा डीएनए पीसीआर पद्धतीने शोधला. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बेळगावच्या मराठा मंडळ संस्थेच्या दंत महाविद्यालयात रेणवीय जीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. द्राक्षात आढळणारे रेझव्हेराट्रॉल हे द्रव्य पॉर्फिरोमोनास जंतूचा थर जमण्यास अटकाव करते का, याचा प्रयोगशाळेतील अभ्यास तेथील संशोधकांनी २०१९ साली मांडला. हे काम अजून काचेच्या नळीतील आहे. त्यामुळे द्राक्षे खाऊन हिरड्या बऱ्या होतील, असा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या वऱ्हाडात या आजाराला दोन साथीदार आहेत. पहिला म्हणजे खर्रा, तंबाखू आणि विडी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हिरडीतले रक्त कमी येते. आजार आत वाढत असतो आणि बाहेर खूण दिसत नाही. खर्रा-सुपारीने तर तोंड आक्रसून उघडेनासे होते. नागपूरच्या दंत महाविद्यालयातील संशोधकांनी अशा १,००० रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला होता. तोंड उघडतच नसेल तर मागच्या दाढा घासणार कशा आणि तपासणार कशा? तंबाखू भाजून केलेली मशेरी हे दातवण नव्हे, तीही तंबाखूच आहे. तिने दातदुखी तात्पुरती बधिर होते इतकेच.

दुसरा साथीदार मधुमेह. रक्तात साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोरात वाढतो. उलट हिरडीतील कायमची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर योग्य उपचार केल्यास तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी या तपासणीचा आकडा सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात २०२२ साली दिसून आले. मधुमेहाच्या रुग्णाने डोळे, पाय आणि मूत्रपिंड तपासून घ्यावे तसेच हिरड्याही तपासून घ्याव्यात.

रक्त येते तेथेच घासा

सर्वांत घातक गैरसमज असा की, ज्या जागी रक्त येते तेथे ब्रश लावू नये. रक्त ब्रशमुळे येत नाही, थरामुळे सुजलेल्या हिरडीतून येते. त्या जागी घासणे सोडले की थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढते. डेन्मार्कमधील बारा जणांची गोष्ट आठवा. मऊ ब्रशने हळुवार घासत राहिले तर साध्या सुजेत आठ-दहा दिवसांत रक्त कमी होते. तसे झाले नाही तर खिसा तयार झाला आहे असे समजून दंतवैद्याकडे जावे.

दुसरा गैरसमज, दात साफ करून घेतले की ढिले होतात. वास्तविक हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाच्या ओझ्याने दात एकमेकांना चिकटून उभे असतात. किटण काढल्यावर खरी स्थिती दिसते. सफाईने हाड झिजत नाही, तिने पुढची झीज थांबते. मात्र झिजून गेलेले हाड बहुधा पूर्ववत भरून येत नाही. म्हणून हे काम दात हलण्यापूर्वी करायचे असते.

वाचकांनी पुढील गोष्टी घरात सर्वांना सांगाव्यात :

१. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे दोनदा मऊ ब्रशने आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. रात्रीचे घासणे चुकवू नये.

२. ब्रश दात व हिरडी यांच्या सांध्यावर तिरपा धरून हळू फिरवावा. जोरजोराने आडवे घासल्यास दात झिजतो, थर मात्र फटीत तसाच राहतो. ब्रशचे केस पिंजारले की तो बदलावा, साधारण तीन महिन्यांनी.

३. निंबाची काडी वापरणाऱ्यांनी ती चांगली चावून कुंचल्यासारखी मऊ करावी आणि दातांच्या आतील बाजूही घासावी. राख, कोळसा, विटेचा भुगा, जाड मीठ आणि मशेरी वापरू नये.

४. दातांमधील फटी दोऱ्याने किंवा फटीच्या लहान ब्रशने साफ कराव्यात. पिना, काड्या आणि सुया घालू नयेत.

५. घासताना रक्त, तोंडाला कायम दुर्गंधी, हिरडी खाली सरकून दात लांब दिसणे, दातांत नव्या फटी पडणे, दात हलणे यांपैकी एकही खूण दिसल्यास दुखण्याची वाट पाहू नये.

६. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि तंबाखू खाणारे यांनी खूण दिसो वा न दिसो, सहा महिन्यांनी हिरड्या तपासून घ्याव्यात. तंबाखू सोडणे हा त्यांतील पहिला उपचार.

बार्शीटाकळी तालुक्यातील रुग्णांना अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय जवळ आहे, तर गुंतागुंतीच्या उपचारांसाठी अमरावती व नागपूर येथे दंत महाविद्यालये आहेत. एसटीच्या एका फेरीचा आणि एका सफाईचा खर्च हा पुढे पडणाऱ्या दातांच्या कवळीपेक्षा कितीतरी कमी असतो. शिवाय कवळीने भाकर चावण्याची खरी गोडी परत येत नाही, हे ज्यांनी कवळी लावली आहे ते सांगतील.

सॉक्रान्स्की यांच्या सन्मानार्थ तोंडातीलच एका जंतूला ट्रेपोनेमा सॉक्रान्स्की असे नाव दिले गेले आहे. ज्यांचा पाठलाग करण्यात आयुष्य गेले, त्यांच्यातल्याच एकाने त्यांचे नाव धारण केले. त्यांनी पन्नास वर्षे भिंगातून, काचेच्या बशीतून आणि डीएनएच्या पडद्यावरून जी टोळी शोधली, तिची जमवाजमव आपल्या दातांवर रोज नव्याने सुरू होते. ती मोडायला प्रयोगशाळा लागत नाही, सकाळ-रात्रीची चार मिनिटे पुरतात. आज रात्री जेवण झाल्यावर आरशासमोर उभे राहा, ओठ बाजूला करून हिरड्या पाहा आणि घासताना थुंकीत लाली दिसते का तेवढे बघा. दिसली तर दात शाबूत असताना मिळालेली ती वेळेवरची सूचना समजावी.